सलाक जेवत नाही

सलाकनं पुन्हा तोंड फिरवलं.

पार्तिनीनं लांब चिमट्यात धरलेला पांढरा उंदीर तिच्या नाकाशी हळूच हलवला. उंदीर मेलेलाच होता, पण गरम पाण्यात बुडवून, फडक्यानं टिपून तिनं त्याला जिवंतपणाची ऊब आणली होती. सलाकनं एकदा जीभ बाहेर काढली, आत घेतली आणि डोकं स्वतःच्याच वेटोळ्यात खुपसून टाकलं. नको असलेल्या पाहुण्याला पाहून दार लावून घ्यावं तसं.

"नको तर राहू दे," पार्तिनी म्हणाली. "पण मीही तुझ्याच जातीची आहे, लक्षात ठेव."

दाराशी तिची भावजय तुगिया उभी होती. साप घरात आल्यापासून तिनं ह्या खोलीचा उंबरठा ओलांडला नव्हता.

"आजही नाही?"

"नाही."

"मग आता त्या उंदराचं काय करणार?"

"पुरून टाकते."

"आमच्या बटाट्यात नको हं, म्बाक्यू."

नवऱ्याची थोरली बहीण म्हणून तुगिया तिला म्बाक्यू म्हणे. ताई म्हणावं तसं. पण त्या हाकेत मान किती आणि वैताग किती, हे रोज बदलत असे. आज वैतागाचं पारडं जड होतं.

पार्तिनीचा जन्म ह्याच घरातला. दिएंगच्या पठारावरचं कार्जोसारी गाव. चारी बाजूंनी बटाट्याची आणि कोबीची वावरं, आणि भर दुपारीसुद्धा पुरुष लुंगीसारखा सारोंग खांद्यावरून लपेटून बसलेले. थंडीला ती लहानपणापासून वैतागलेली होती. अंगात ताकद आल्याबरोबर ती खाली समुद्रकाठच्या सेमारांगला पळाली आणि कोह स्वी नावाच्या चिनी दुकानदाराकडे पाखरांच्या बाजारात कामाला लागली. पिंजरे धुणं, बटेरांना दाणा घालणं, गिऱ्हाइकाला गोड बोलून बुलबुल गळ्यात मारणं. मधे एकदा लग्न झालं, ते टिकलं नाही. नवरा बोर्निओला लाकडाच्या कामावर गेला आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसला. पार्तिनीनं एक दिवस रडून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पिंजरे धुतले.

पुढे शहरातल्या तरुण पोरांना साप पाळायचं वेड लागलं, तसे कोह स्वीच्या दुकानात पाखरांच्या शेजारी सापांचे डबे आले. त्या सापांसाठी पांढरे उंदीर वाढवायचं काम पार्तिनीकडे. एकदा एका गिऱ्हाइकानं लहानशी अजगरीण परत आणून टाकली. आफ्रिकेतली जात, पुरी वाढली तरी अडीच-तीन हातांच्या वर जात नाही, आणि घाबरली की चावायच्या ऐवजी चेंडूसारखी गोळा होते. त्या गिऱ्हाइकानं डब्यात लावलेल्या दिव्याला चिकटून तिची पाठ भाजली होती. डाग पडलेला साप कोण घेणार? कोह स्वी म्हणाला, "फेकून दे." पार्तिनीनं तिच्या पाठीला मलम लावलं. जखम भरली, डाग राहिला. सलाकच्या फळाची साल असते तशी तिची तपकिरी खवल्यांची कातडी, म्हणून नाव सलाक.

"आख्ख्या बाजारात मी सगळं विकलं," ती पुढे सांगायची. "हिच्यावर कोणी बोली लावली नाही. मग ती माझी झाली."

बाजार हलवायचं ठरलं, कोह स्वी थकला, दुकान बंद झालं. पन्नाशी उलटलेल्या पार्तिनीला धाकटा भाऊ सर्जोनो बटाट्याची गाडी घेऊन न्यायला आला. "आता पुरे झालं, म्बाक्यू. घर आहे, आम्ही आहोत." गाडीत तिची गादी, दोन पिशव्या, उंदरांचा पिंजरा आणि एक थर्माकोलची पेटी चढली. पेटीत काय आहे हे तिनं भावाला घाट चढून झाल्यावर सांगितलं. सर्जोनोनं गाडी थांबवली, खाली उतरून एक सिगारेट ओढली, आणि पुन्हा गाडी चालू करताना एवढंच म्हणाला, "तुगियाला तू सांगायचं. मी नाही."

तुगियानं ऐकलं तेव्हा ती किंचाळली नाही. ती म्हणाली, "आम्ही उंदीर मारायला औषध आणतो आणि तुम्ही त्यांची बाळंतपणं करणार?"

सलाकनं कार्जोसारीला आल्यावर अन्न सोडलं. पार्तिनीला आधी फार काळजी वाटली नाही. सापाचं पोट म्हणजे माणसाचं पोट नव्हे. ही जात मनात आलं तर महिनोन्‌महिने उपाशी राहते. शिवाय घर बदललं, वास बदलले. दम धरला पाहिजे. तिनं पेटीवर काळं फडकं टाकलं, आत लपायला पालथं मडकं ठेवलं आणि रोज उघडून बघायची स्वतःची सवय मोडली. काही आठवड्यांनी पुन्हा उंदीर दिला. नाही. काळ्या रंगाचा दिला. नाही. बटेराचं पिल्लू दिलं. नाही.

मग पावसाळा सरला आणि ऐन कोरड्या ऋतूत पठारावर येते ती हाडात शिरणारी थंडी पडली. सकाळी बटाट्याच्या पानांवर पांढरं हिंव बसू लागलं. पार्तिनी पाण्याच्या बाटल्या उकळत्या पाण्यानं भरून, जुन्या सारोंगात गुंडाळून पेटीत ठेवायची. तासाभरात त्या गार. एके दिवशी तिनं सलाकला हातावर घेतलं आणि तिच्या पाठीवरून बोट फिरवलं. कण्याची धार बोटाला लागली. आतापर्यंत पाठ गोल होती, भरल्या दोरखंडासारखी. आता मधे उंचवटा, दोन्ही बाजूंना उतार. पार्तिनीनं बोट तिथंच ठेवलं.

रोग कळला होता: थंडी. गारठलेल्या पोटात अन्न पचत नाही, हे सापाला कळतं, म्हणून तो खातच नाही. सेमारांगला नुसत्या पत्र्याखाली घाम फुटायचा. तिथं ऊब कधी आणावी लागली नव्हती. इथं ती कुठून आणायची?

घरात ऊब एकाच ठिकाणी होती. तुगियाच्या स्वयंपाकघरात, चुलीशी.

"नाही," तुगिया म्हणाली.

"चुलीपासून लांब, त्या कोपऱ्यात फळीवर. झाकण घट्ट लावून."

"म्बाक्यू, मी गावातल्या निम्म्या घरांच्या जेवणावळींना तेम्पेच्या सोयाबीन वड्या तळून देते. उद्या कोणी म्हणालं की तुगियाच्या स्वयंपाकघरात साप आहे, तर माझ्या हातचं कोणी खाईल का? तुम्हीच सांगा. तुम्ही खाल?"

पार्तिनीनं खाल्लं असतं. पण बाकीच्यांनी नसतं खाल्लं हेही तिला कळत होतं. तिनं तो विषय पुन्हा काढला नाही.

तिनं दिवा आणला. वोनोसोबोच्या बाजारात कोंबडीच्या पिल्लांसाठी मिळतो तसला, लाल काचेचा. सलाक पुन्हा भाजू नये म्हणून त्याच्याभोवती तारेची जाळी बांधली. दिवसभर सगळं ठीक चाललं. संध्याकाळी घरी बायकांचं कुराणातल्या यासीनचं पठण होतं. चटया अंथरल्या होत्या, शेजारणी बसल्या होत्या, वाचणाऱ्या बाईंचा आवाज छान लागला होता. आत तुगियानं भाताचा कुकर लावला आणि खटकन सगळं घर अंधारात बुडालं. बारक्या घराला वीज ती केवढी! दिवा आणि कुकर दोन्ही एकदम तिला पेलेनात.

सर्जोनोनं खटका वर केला. उजेड आला. पठण पुढे सरकलं. पुन्हा खटकन अंधार.

"तुगिया, बिल भरलं नाहीस का गं?" अंधारातून एक म्हातारी म्हणाली.

"भरलंय," तुगियाचा आवाज आला. "पण आमच्याकडे राणीसाहेब आल्यात. त्यांना शेक लागतो."

"कोण राणीसाहेब?"

आणि मग सगळं सांगणं आलंच. त्या संध्याकाळी चहा न घेताच निम्म्या बायका उठल्या. वाचणाऱ्या बाई मात्र राहिल्या, चप्पल घालताना त्या पार्तिनीला म्हणाल्या, "तोही अल्लाचाच जीव. पण पोरी, पुढच्या खेपेला आधी सांग, म्हणजे मी खुर्चीवर बसेन."

दुसऱ्या दिवशी सर्जोनोनं गुरांच्या डॉक्टरला बोलावलं. डॉक्टर गायीला सुई मारून आला होता, बूट चिखलानं भरलेले. पेटीत डोकावून तो दोन पावलं मागे सरला.

"पार्तिनीबाई, मी खोटं बोलणार नाही. मी बैलाच्या तोंडात हात घालतो. ह्याच्या नाही घालणार."

"तोंड मी उघडते. तुम्ही नुसतं बघा."

त्यानं बघितलं, बॅटरीच्या उजेडात, लांबून आणि मग जरा जवळून. तोंडात पू नाही, छातीत घरघर नाही. "आजार काही दिसत नाही," तो म्हणाला. "नळी घालून भरवता येईल. पातळ करून."

"नाही. बाजारात तसं भरवलेले मी पाहिलेत. थंड पोटात कोंबलेलं सडतं. दोन दिवसांनी ओकतात, आणि मग मरतात."

डॉक्टरनं मान हलवली. "बरोबर आहे तुमचं. मी बैलाच्या हिशेबानं बोललो." हात धुताना तो काही तरी आठवून म्हणाला, "ऊब पाहिजे ना? कायमची, वीज न लागणारी? मग खालच्या वाडीतल्या कुंडावर जाऊन बघा. म्हाताऱ्या सानविर्याकडे. मी वासरं गारठली की तिथलंच पाणी आणतो. पण म्हातारा तिरसट आहे, हं."

"मी पाखरांच्या बाजारात तीस वर्षं काढलीत," पार्तिनी म्हणाली.

खालच्या वाडीतलं कुंड म्हणजे डोंगरातून येणारं गरम पाणी पाइपातून दोन हौदांत सोडलेलं; एक बायकांचा, एक पुरुषांचा. म्हातारे सांधे शेकायला येत, बटाटे काढून दमलेले मजूर संध्याकाळी येत. सानविर्या दाराशी बाकावर बसून असे. सगळे त्याला म्बाह म्हणत, आजोबा.

"साप?" तो म्हणाला. "हे कुंड आहे. सर्कस नाही."

"लोकांत आणणार नाही, म्बाह. मागं तुमची खोली आहे ना, पाइप जातो ती?"

"तिथं माझी लाकडं वाळतात."

"लाकडं ती खात नाही."

"ती लाकडं खात नाही, उंदीर खात नाही, मग खाते तरी काय?"

"तेच तर शोधतेय."

"दुसरीकडे शोध." म्हाताऱ्यानं टोपी डोळ्यांवर ओढली आणि बोलणं संपवलं.

पार्तिनी घरी गेली. सकाळी परत आली, हातात कुंचा आणि पोत्याचा तुकडा. बायकांच्या हौदाच्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ माजलं होतं. मागच्याच आठवड्यात एक बाई तिथं घसरली होती. पार्तिनीनं परकर खोचला आणि पायऱ्या घासायला घेतल्या. म्हातारा आला, बघून गेला. पुन्हा आला.

"कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही."

"ह्याच्यानं काही खोली मिळायची नाही."

"खोली कोणी मागितली? पाय घसरून माझंच डोकं फुटेल म्हणून घासतेय."

तिसऱ्या सकाळी पुरुषांचा हौदही घासून झाला, आणि ती कपडे बदलायच्या जागेतल्या मोडक्या खुंट्या ठोकत होती, तेव्हा म्हातारा कमरेवर हात ठेवून समोर उभा राहिला.

"तुझा बाप तो माद्यासा ना? कोबीवाला? एकदा त्याची म्हैस दरीत पडली, तर तो तीन दिवस तिथं तिच्याशेजारी बसून होता. वर घेऊनच आला." त्यानं कनवटीची किल्ली काढली. "तुमचं खानदानच तसलं. ऐक, दोन गोष्टी. पेटी जमिनीवर ठेवायची नाही, बाकावर ठेवायची. आणि खिडकी कधी लावायची नाही. ह्या डोंगराच्या पोटात काय शिजतंय कुणास ठाऊक. वाईट हवा खालीच साचून बसते. माणूस वाकला तर उठत नाही, तिथं तुझ्या सापाची काय कथा?"

खोली लहान होती. एका भिंतीलगत जाडजूड पाइप जात होता, हात ठेवला तर चटका नाही, पण उचलावासाही वाटू नये असा. हवेत गंधकाचा वास आणि ओल. पार्तिनी डोळे मिटून क्षणभर उभी राहिली. सेमारांगच्या पत्र्याखालची दुपार अशीच असायची.

सर्जोनोनं पेटी मोटरसायकलवर पुढ्यात घेऊन उतरवली.

पार्तिनीनं घाई केली नाही. पेटी बाकावर ठेवली, पाइपाकडची बाजू उबदार, दुसरी थोडी थंड, म्हणजे जिवाला निवड करता येईल. फडकं टाकलं, दार लावलं. रोज सकाळी वाडीत उतरायची, पाणी बदलायची आणि बाहेर यायची. बाहेर नुसतं बसून काय करणार? म्हणून म्हाताऱ्याच्या चुलीवर आल्याचं गरम पेय करून आंघोळीला आलेल्यांना देऊ लागली. काही दिवसांत सलाकनं कात टाकली. डोक्यापासून शेपटीपर्यंत अखंड, पाठीवरच्या डागासकट. वर गावात तिची कात तुकड्यांत निघाली होती. पार्तिनीला धीर आला. तिनं उंदीर गरम केला, चिमट्यात धरला.

सलाकनं तोंड फिरवलं.

"काय म्हणतेय तुझी राणी?" म्हाताऱ्यानं बाहेरून विचारलं.

"विचार करतेय म्हणते."

"माझं आयुष्य सरायच्या आत करेल का?"

पार्तिनी हसली. कण्याची धार आता नुसत्या डोळ्यांना दिसत होती.

त्या संध्याकाळी चढण चढून ती घरी आली तेव्हा सर्जोनो अंगणात बटाटे निवडत होता. त्यानं मान वर केली नाही.

"आज वावरात मला काय विचारलं माहीत आहे? तुझी बहीण कुंडावर झाडू मारते म्हणे? घरात खायला घालत नाही का?"

"तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? सापासाठी मारते म्हणून सांगू?" त्यानं सडका बटाटा बाजूला फेकला. "पुरे कर आता, म्बाक्यू. मरायचं असेल तर मरू दे तिला. साप आहे तो."

"मरू नाही देणार."

"हो, दिसतंय ना! रोज उतरतेस, रोज चढतेस, पाणी उकळतेस." तो उठून उभा राहिला. त्याचा आवाज चिरकला. "आई त्या खोलीत पडून होती. तीन महिने. पेज भरवायला गेलं की अशीच तोंड फिरवायची. पार्ती आली का, विचारायची. तेव्हा कुठं गेला होता तुझा हट्ट? तेव्हा तुला बाजार सुटला नाही!"

तुगिया दारात आली आणि तिथंच थबकली.

पार्तिनी अंगणातल्या उलट्या टोपलीवर बसली. बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता.

"नाही सुटला. ईदची गर्दी होती. म्हटलं, ईद झाली की जाईन. आई थांबेल असं वाटलं." तिनं पदरासारखा डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला. "त्याला उत्तर नाही, जोनो. मी शोधलं नाही असं समजू नकोस. पण आईला भरवलं नाही म्हणून आता हिलाही भरवू नको, असं म्हणतोस का? तसं केलं तर आईचं देणं फिटतं का?"

सर्जोनो पुन्हा बटाट्यांपाशी बसला. एक टोपली निवडून झाल्यावर म्हणाला, "उद्या गाडी खाली जाणार आहे. चालत जाऊ नकोस."

पार्तिनीनं मग एक गोष्ट बदलली. सेमारांगला सलाकचा डबा कोंबून ठेवलेल्या रॅकमधे असायचा. अरुंद, अंधारा, चारही बाजूंनी अंगाला भिंत लागेल असा. इथं तिनं मायेपोटी मोठी पेटी केली होती, ऐसपैस. घाबऱ्या जिवाला ऐसपैस जागा म्हणजे उघडं मैदान. तिनं सर्जोनोकडून बटाट्याच्या बेण्याचा एक लहान खोका मागून घेतला, त्याला बाजूनं भोक पाडलं आणि आत वाळकं गवत भरलं. सलाक त्यात शिरली ती बाहेर येईना. पार्तिनीनं तिला आठवडाभर हात लावला नाही. पाणीसुद्धा दारातून हात लांब करून ठेवलं.

मग एका दुपारी, बाहेर धुकं हौदावर उतरलं होतं, आंघोळीला कोणी नव्हतं, तिनं उंदीर गरम केला. डोकं जरा जास्त गरम, कारण साप उबेवरच नेम धरतो. खिडकीला फडकं लावून खोली अंधारली आणि चिमटा खोक्याच्या भोकाशी नेला. हलवला नाही. नुसता धरला.

जीभ बाहेर आली. आत गेली. पुन्हा आली, आता लवकर लवकर. काळोखात डोकं पुढे सरकलं आणि मानेचा आकडा झाला. पार्तिनीनं श्वास धरला. हाताला रग लागली तरी तिनं तो ढळू दिला नाही. तिच्या मनात काहीच नव्हतं, आई नव्हती, भाऊ नव्हता, फक्त चिमट्याचं टोक होतं.

फट्‌ आवाज झाला. चिमट्याला हिसका बसला आणि तो हलका झाला. खोक्यात गवत खसखसलं. सलाकनं उंदराभोवती वेटोळे आवळले होते, जसे सेमारांगला आवळायची तसे, कसून.

पार्तिनी मागं न वळता, पाऊल न वाजवता दारापर्यंत आली, बाहेर पडली, दार लोटलं आणि दाराला पाठ लावून जमिनीवरच बसली. गालांवरून पाणी ओघळत होतं, ते तिनं पुसलं नाही.

"काय झालं?" म्हातारा धडपडत उठला. "मेली का?"

तिनं ओठांवर बोट ठेवलं. "खातेय."

"खरंच? बघू—"

"म्बाह, आत गेलात तर तुमचे पाय मोडेन."

म्हातारा त्याच्याच कुंडावर, त्याच्याच खोलीच्या बाहेर मुकाट्यानं उभा राहिला. तेवढ्यात सर्जोनो गाडी घेऊन आला. त्यालाही तिनं हातानंच अडवलं. गिळताना माणूस दिसला, धक्का बसला तर ती सगळं टाकून देते. आणि इतक्या उपासानंतर टाकलं तर पुन्हा उभी राहायची नाही. तेव्हा ते तिघं धुक्यात आल्याचं पेय पीत बसले, दबक्या आवाजात बटाट्याच्या भावाबद्दल बोलत, मयताच्या घरी बसतात तसे. फक्त तिघांचेही चेहरे हसरे होते.

दोन दिवसांनी तिनं फडकं वर करून पाहिलं. पोटाच्या मध्यावर गाठ होती, ती जरा खाली सरकली होती. टाकलं नव्हतं.

पुढचा उंदीर सलाकनं नाकारला. त्याच्या पुढचा घेतला. मग पुन्हा एकदा नाकारला. पार्तिनीला त्याचं काही वाटेना. पाठ हळूहळू भरत गेली. पाऊस लागेपर्यंत कण्याची धार बोटालाही लागेनाशी झाली.

कुंडावर तिचं आल्याचं पेय चालू लागलं होतं. लोक बरोबर खायला काही आहे का विचारत, म्हणून तिनं तुगियाला विचारलं. तुगियानं थोडे आढेवेढे घेतले, मग टोपलीभर तळलेले तेम्पे पाठवले, पण फडक्याला गाठ मारून, वर निरोप, "त्या खोलीत टोपली न्यायची नाही." टोपली नेली नाही. तेम्पे दुपारीच संपले. आंघोळीला येणाऱ्यांत साप आहे म्हणून येईनासे झाले ते दोघे-तिघे, आणि साप आहे म्हणून मुद्दाम आले ते थोडे जास्त. दाखवायला ती कोणालाच नेत नसे.

रमजानच्या आधी गावात कबरी झाडायचा दिवस आला. पार्तिनी आणि सर्जोनो दोघं गेले. त्यानं गवत कापलं, तिनं दगड धुतले, फुलं वाहिली. उतरणीवर त्यानं तिच्या हातातली कळशी घेतली आणि म्हणाला, "शेवटी शेवटी आईनं कोबीचं पाणी घेतलं होतं, जरासं. तुला सांगायचं राहिलं होतं."

"बरं झालं सांगितलंस," पार्तिनी म्हणाली.

त्यानंतर तिनं ठरवलेलं बोलून दाखवलं. सानविर्याच्या मागच्या खोलीशेजारी एक रिकामी खोली होती. म्हातारा थकला होता, त्याला हौद घासणं, पैसे घेणं जमेना. ती तिकडेच राहायला जाणार होती.

सर्जोनो भडकला. "म्हणजे लोक म्हणायला मोकळे! बहिणीला घराबाहेर काढलं!"

"लोकांना सांग, सापानं पळवून नेली."

तुगिया चुलीपाशी होती. तिला हसू आवरलं नाही, आणि हसता हसता तिनं डोळेही पुसले. "जा खुशाल, म्बाक्यू," ती म्हणाली. "पण तेम्पेचे पैसे दर शुक्रवारी चोख पाहिजेत. आणि गुडघा दुखला की मी आंघोळीला येणार. फुकट."

"फुकट. पण खोलीत डोकावायचं."

"मेले तरी नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जोनोनं गादी गाडीत टाकली, वर उंदरांचा पिंजरा, वर ताडपत्री. पार्तिनी त्याच्याशेजारी पुढे बसली. गाडी वळणावर आली तेव्हा तिनं अंगावरचा जाड लोकरी कोट काढला आणि घडी करून मांडीवर ठेवला.

"थंडी नाही वाजत?" सर्जोनोनं विचारलं.

"वाजतेय," ती म्हणाली. "पण आता थोडाच वेळ."